प्रयोगशाळेचीही आगोट भरा : कोकणपट्टीतील प्राचार्यांना आणि रसायनशास्त्र विभागप्रमुखांना खुले पत्र

सन्माननीय प्राचार्य आणि विभागप्रमुख,

सप्रेम नमस्कार.

मी कोकणातल्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. आता निवृत्त आहे. नोकरीतली बरीच वर्षे इन्फ्रारेड यंत्राच्या (नमुन्यातून अदृश्य इन्फ्रारेड किरण सोडून त्यातले अणुगट ओळखणाऱ्या यंत्राच्या) खोलीची किल्ली माझ्याकडे होती, आणि त्या खोलीतल्या एका लहानशा लाकडी डबीबद्दल मला आज लिहायचे आहे. त्या डबीत आयआरच्या, म्हणजे इन्फ्रारेडच्या, प्लेट्स असायच्या. सोडियम क्लोराईडच्या आणि पोटॅशियम ब्रोमाईडच्या, रुपयाच्या नाण्याएवढ्या, काचेसारख्या दिसणाऱ्या. यंत्र लाखोंचे असते, त्याचे उद्घाटन होते, त्याच्याशेजारी फोटो निघतात. पण विद्यार्थ्याचा नमुना ठेवला जातो तो या प्लेट्सवर. त्या आंधळ्या झाल्या की यंत्रही आंधळे.

आपल्याकडे मे महिन्यात घरोघरी आगोट भरतात. पापड, कुरडया, सुकी मासळी, सोले, मिरच्या सगळे उन्हात कडकडीत वाळवून डब्यात जाते. मिठाची बरणी तर आधी, कारण पावसात मिठाला पाणी सुटते हे कोणाला शिकवावे लागत नाही. मग त्याच कोकणात, त्याच पावसात, मिठापासूनच बनवलेल्या खिडक्या आपण उघड्या टेबलावर का ठेवतो? सोडियम क्लोराईडची प्लेट म्हणजे अखेर पेण-उरणच्या आगरात पिकते तेच मीठ, फक्त अतिशुद्ध आणि एकसंध स्फटिकाच्या रूपात.

काच इन्फ्रारेड किरण अडवते, मीठ ते जाऊ देते, म्हणून मीठ वापरायचे. ही गोष्ट मेलोनी या इटालियन शास्त्रज्ञाने १८३० च्या दशकात खनिज मिठावर पाहिली होती. १९०५ साली कोब्लेंट्झ या अमेरिकन शास्त्रज्ञाने शंभराहून अधिक पदार्थांचे इन्फ्रारेड वर्णपट (पदार्थाने कोणते किरण शोषले हे दाखवणारे आलेख) प्रसिद्ध केले, तेही मिठाचाच लोलक वापरून. पोटॅशियम ब्रोमाईडच्या भुकटीत नमुना मिसळून तिची दाबून चकती करण्याची पद्धत १९५२ ची. म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षे हे शास्त्र मिठाच्या खिडकीतून बघत आले आहे. त्यात नवे काहीच नाही. नवे आहे ते आपले दुर्लक्ष, आणि ते मी डोळ्यांनी पाहिले आहे.

एका वर्षीची गोष्ट सांगते. गणपतीच्या सुट्टीत इमारतीचा मेन स्विच बंद केला गेला. वीज वाचावी, शॉर्टसर्किट होऊ नये, हेतू चांगलाच होता. प्लेट्सचे कपाट तेव्हा एका जुन्या पिवळ्या बल्बच्या उबेवर कोरडे राहायचे. आठवड्याने मी कपाट उघडले तेव्हा डबीतला कापूस ओला होता आणि दोन प्लेट्स एकमेकींना चिकटल्या होत्या. सोडवताना एक दुभंगली. बाकीच्यांचा पृष्ठभाग बर्फाच्या गोळ्यासारखा पांढरट झाला होता. कोणी काही फोडले नव्हते, कोणी निष्काळजीपणे हाताळले नव्हते. नुसते कोरडे राहायला हवे होते, ते राहिले नाही. त्या दिवशी मला जे वाटले ते घरातले धान्य भिजल्यावर वाटते तसे होते.

यामागचे गणित साधे आहे. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून विरघळू लागते. पोटॅशियम ब्रोमाईडचा उंबरठा साधारण ८० टक्के. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता दिवसेंदिवस ८५-९० च्या खाली येत नाही. म्हणजे उघड्यावर ठेवलेली प्लेट पावसाळाभर विरघळतच असते, आपल्याला फक्त दिसत नाही. आता दुसरी बाजू बघा. २७ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची हवा कपाटात ३७ अंशांपर्यंत तापवली तर तिची सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास येते. फक्त दहा अंशांची ऊब! पाणी कुठे गेलेले नसते, पण त्या हवेला मिठाचे काही बिघडवता येत नाही. जुन्या लोकांनी कपाटात बल्ब लावला होता तो याच कारणासाठी. पुढे बऱ्याच ठिकाणी तो पिवळा बल्ब काढून एलईडी लावला गेला. उजेड तोच, वीज कमी, पण ऊब गेली. कपाटात दिवा पेटलेला दिसतो म्हणून सगळे निश्चिंत असतात आणि आत प्लेट्स पाझरत असतात. आपल्या विभागात हे झाले आहे का, ते कृपया आजच कपाटात हात घालून पाहावे.

पण साठवणीच्याही आधी धुण्याचा प्रश्न येतो, आणि माझे मुख्य म्हणणे तिथेच आहे. प्लेट वापरताना मरत नाही. ती मरते वापरानंतरच्या दहा मिनिटांत.

प्रात्यक्षिकाचे शेवटचे दृश्य आपण सर्वांनी पाहिलेले आहे. वर्णपट छापून झालेला असतो, जर्नलवर सही हवी असते, पुढची बॅच दारात उभी असते, एसटी चुकणार असते. मुलगा घाईघाईने प्लेटवर अ‍ॅसिटोन ओततो, हाताला लागेल त्या कागदाने पुसतो, ती टेबलावर ठेवतो आणि पळतो. यात चार चुका झाल्या आणि त्यातली एकही त्याला कोणी सांगितलेली नसते. बाटलीतले अ‍ॅसिटोन बहुधा काचसामान धुण्याचे, त्यात पाणी असते. तेवढे पाणी पुरते. कोरड्या कागदाने घासले की मऊ मिठावर ओरखडे उठतात, आणि प्रत्येक ओरखडा प्रकाश विखुरतो. बोटे मधोमध लागली तर घामाचा ठसा तिथे कोरला जातो. आणि चौथी चूक अशी, की जी शिकलेल्या माणसांनाही चटकन ध्यानात येत नाही.

डायक्लोरोमिथेन किंवा अ‍ॅसिटोनसारखे द्रावक भराभर उडते. उडताना ते प्लेटची उष्णता घेऊन जाते, प्लेट गार पडते. पावसाळ्यात ९० टक्के आर्द्रतेला दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतले पाणी दव होऊन बसू लागते तो, हवेच्या तापमानाच्या जेमतेम दोन अंश खाली असतो. दोन अंशांनी गार होणे म्हणजे काहीच नाही, द्रावक उडताना तेवढे सहज होते. मग हवेतले पाणी त्या गार पृष्ठभागावर बसते आणि मीठ त्यात विरघळते. आपण शुद्ध, कोरडे, महागडे द्रावक वापरले तरी प्लेट धुरकट होते ती अशी. मला हे समजायला फार वर्षे लागली. मी द्रावक बदलून पाहिले, कापूस बदलला, मुलांवर रागावलेसुद्धा. शेवटी एका सरांनी मला फळ्यावर मांडून दाखवले तेव्हा उलगडा झाला. त्यानंतर आम्ही प्लेट धुण्याआधी काही मिनिटे उबदार कपाटात ठेवायचो, धुतल्यावर लगेच इन्फ्रारेड दिव्याखाली अंतरावर धरायचो, आणि तोंडाने फुंकर मारायला सक्त मनाई होती. फुंकर म्हणजे वाफच ती. दिव्याच्या अगदी जवळही न्यायची नाही, एकदम तापली की ती तडकते. कडेने धरायचे, मऊ टिश्यूवर द्रावक घेऊन एकाच दिशेने हलकेच पुसायचे, रगडायचे नाही. क्लोरोफॉर्म वापरायचा तर हेही माहीत हवे की बाजारच्या क्लोरोफॉर्ममध्ये ते टिकावे म्हणून बहुधा थोडे इथेनॉल घातलेले असते. आणि क्लोरोफॉर्म व अ‍ॅसिटोन कधीही एकाच टाकाऊ बाटलीत ओतू देऊ नका. त्यात अल्कली पडली तर भडका उडावा इतकी उष्णता निर्माण होते. हे सगळे फ्यूम हूडखाली, म्हणजे वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात, करायचे, मोरीत ओतायचे नाही.

हे नीट झाले नाही तर काय होते? प्लेट जाते, नवी घेता येते. पण मुलाचे जे जाते ते परत येत नाही. एम.एस्सी.च्या एका परीक्षेत एका मुलीला बायफिनाईलचा नमुना आला होता. साधा हायड्रोकार्बन, ऑक्सिजनचा लवलेश नाही. तिच्या वर्णपटात ३४०० प्रति सेंटीमीटरपाशी (वर्णपटावरची जागा या एककात सांगतात) रुंद पट्टा आला आणि १६४० पाशी आणखी एक. तिने पुस्तकात शिकवल्याप्रमाणे हायड्रॉक्सिल, म्हणजे ओएच, गट आहे असे लिहिले. परीक्षकांनी गुण कापले, तोंडी परीक्षेत तिला विचारले, बायफिनाईलला ओएच कुठून आणलास? ती रडकुंडीला आली. तो ओएच पोटॅशियम ब्रोमाईडच्या बाटलीतून आला होता. बाटलीचे झाकण सकाळपासून उघडे होते, बाहेर आषाढ कोसळत होता. ३४०० आणि १६४० ही पाण्याचीच खूण. मी तिथेच उभी होते आणि मला हे ठाऊक होते. बोलण्याचा माझा अधिकार नव्हता, म्हणून मी बोलले नाही. हे पत्र लिहिण्याचे एक कारण तेच आहे.

असे खोटे पट्टे आणखीही येतात. अ‍ॅसिटोन नीट उडाले नाही तर १७१५ च्या आसपास कार्बोनिल (कीटोनमधला कार्बन-ऑक्सिजनचा गट) दिसतो आणि अल्कोहोलचा कीटोन होतो. डेसिकेटरच्या (वस्तू कोरड्या ठेवायच्या बंद भांड्याच्या) झाकणाचे सिलिकोन ग्रीस बोटांना आणि बोटांवरून प्लेटला लागले की १२६० पाशी टोकदार पट्टा उगवतो. आधीच्या बॅचचे न्यूजॉल (नमुना कालवायचे खनिज तेल) राहिले असेल तर २९०० च्या आसपास, १४६० ला आणि १३७७ ला तेलाचे पट्टे येतात, आणि पुढच्या मुलाला वाटते आपल्या नमुन्यात लांब साखळी आहे. म्हणून नमुना लावण्याआधी नुसत्या प्लेटचा वर्णपट काढून बघायचा. त्याला दोन मिनिटे लागतात. सपाट रेषा आली तर प्लेट स्वच्छ. एवढी एक सवय लागली तर निम्मे वाद मिटतील.

पोटॅशियम ब्रोमाईडच्या चकत्या जिच्यात दाबतात त्या पोलादी डायबद्दलही लिहायला हवे. ती जाडजूड, मजबूत दिसते म्हणून तिच्याकडे कोणी बघत नाही. पण ब्रोमाईडचा अंश आणि दमट हवा मिळून तिला एका रात्रीत गंज चढवतात. आरशासारख्या पृष्ठभागावर गंजाचा एक ठिपका आला की त्यानंतरची प्रत्येक चकती तिथे चिकटते आणि तुटते. मिठाच्या प्लेटला पाणी म्हणजे मरण, पण डायला मात्र आधी डिस्टिल्ड पाण्यानेच धुवायला हवे, कारण मीठ पाण्यातच विरघळते. मग अ‍ॅसिटोन, मग ओव्हनमध्ये कोरडी करून डेसिकेटरमध्ये. मुले डायला नुसत्या अ‍ॅसिटोनने पुसतात, मीठ जिथल्या तिथे राहते. एकाच टेबलावरच्या दोन वस्तू, दोघींचे धुणे उलट. हे तोंडी सांगून लक्षात राहत नाही, करून घ्यावे लागते.

काही विभागप्रमुख म्हणतील, आता आमच्याकडे हिऱ्याचा एटीआर (प्लेटऐवजी स्फटिकावर नमुना नुसता दाबून वर्णपट काढायची सोय) आहे, या मिठाच्या गोष्टी जुन्या झाल्या. एटीआरने काम सोपे केले हे खरेच, आणि मला त्याचा आनंद आहे. नमुना ठेवायचा, दाबायचा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचे. पण वरून दाबणाऱ्या टोकाला चिकटलेला नमुना कोणी पुसत नाही, तो पुढच्या नमुन्यात उतरतो. बऱ्याच ठिकाणी हिरा नसून झिंक सेलेनाईडचा स्फटिक असतो. तो मऊ असतो, त्यावर स्टीलचा स्पॅच्युला घासला की कायमचा चरा पडतो, आणि तीव्र आम्ल पडले तर हायड्रोजन सेलेनाईड हा विषारी वायू तयार होतो. हे त्या यंत्राशेजारच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहिलेले असावे. शिवाय यंत्राच्या पोटात आजही बहुतेक वेळा पोटॅशियम ब्रोमाईडचाच बीम स्प्लिटर (किरण दोन वाटांनी विभागणारा भाग) असतो. तो दिसत नाही म्हणून त्याचा विसर पडतो. सुट्टीत यंत्र बंद करून ठेवले, आतली ओलावा शोषणारी सिलिका जेल वर्षानुवर्षे बदलली नाही, की तो भाग धुरकट होतो आणि मग दुरुस्तीचा आकडा ऐकून सगळे गप्प होतात. यंत्र चालू राहिले तर त्याच्या स्वतःच्या उबेने आतला भाग कोरडा राहतो.

सिलिका जेलचा विषय निघाला म्हणून सांगते. डेसिकेटरमध्ये गुलाबी झालेली जेल ठेवून वर झाकण लावणे म्हणजे ओल्या टॉवेलने अंग पुसणे. निळी जेल गुलाबी झाली की ती भरलेली असते, ११०-१२० अंशांना दोन-तीन तास ओव्हनमध्ये ठेवली की पुन्हा निळी होते. हा रंग कोबाल्ट क्लोराईडचा असतो, आणि ते आरोग्याला घातक मानले जात असल्याने आता नारिंगी जेल मिळते, ती घ्यावी. पावसाळ्यात दर आठवड्याला एकदा जेल भाजायची, एवढे काम कोणाच्या तरी नावावर असायला हवे.

नावावर असायला हवे, हेच सगळ्यात अवघड. आज ते कोणाच्याच नावावर नसते. प्राध्यापकांना वाटते सहायक करतील, सहायकांच्या जागा वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत, शिपायाला प्लेटला हात लावायची भीती वाटते. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये प्लेट्सची नोंद असते, संख्या जुळली की तपासणी संपते. त्या पारदर्शक आहेत की नाहीत हा रकाना त्या रजिस्टरमध्ये नाहीच. आणि मग भीतीपोटी सोपा मार्ग निघतो. प्लेट्स कुलपात, मुलांना हात लावू द्यायचा नाही, वर्णपट सहायकाने काढून द्यायचा किंवा मागच्या वर्षीच्या छापील प्रती वाटायच्या. अशा मुलांच्या हाती कंपनीत गेल्यावर पहिल्यांदा प्लेट येते आणि ती ते नळाखाली धरतात. अतिशयोक्ती नाही, माझ्याच एका विद्यार्थ्याने मला हे प्रामाणिकपणे येऊन सांगितले. त्याचा दोष नव्हता.

ब्रेकेजचा दंडही थांबवावा अशी माझी विनंती आहे. दंडाच्या भीतीने मुले तडकलेली प्लेट तशीच डबीत ठेवून देतात. एकदा एका मुलाने तुकडे रुमालात गुंडाळून घरी नेले होते. आठवड्याने त्याने ते मला आणून दिले तेव्हा त्याचे हात थरथरत होते. मिठाची प्लेट कधीतरी तडकणारच. धारकाचे स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे न आवळता एकच बाजू घट्ट केली तरी ती तडकते. शिकताना तडकलेल्या प्लेटचा खर्च हा शिकवण्याचा खर्च आहे, तो महाविद्यालयाने सोसावा. आणि धुरकट झालेली प्रत्येक प्लेट फेकायची नसते. पॉलिशच्या कापडावर बारीक सेरियम ऑक्साईड किंवा अ‍ॅल्युमिना, अल्कोहोलचे चार थेंब, इंग्रजी आठाच्या आकारात हलक्या हाताने फिरवणे, शेवटी कोरड्या कापडावर दोन-चार फेरे. आंधळी प्लेट पुन्हा बघू लागते. मी कितीतरी प्लेट्स अशा परत आणल्या आहेत. त्या प्लेटमधून पलीकडची अक्षरे स्वच्छ दिसली की जो आनंद होतो तो मुलांनाही मिळू द्या. एका शनिवारी टी.वाय.च्या मुलांना बसवा, जुन्या प्लेट्स काढून द्या. स्फटिक म्हणजे काय हे त्यांना त्या दिवशी बोटांतून समजेल.

माझ्या मागण्या फार नाहीत. प्रात्यक्षिकाच्या वेळापत्रकातच शेवटची १५ मिनिटे धुण्या-ठेवण्यासाठी राखून ठेवा, आणि त्याला जर्नलमध्ये गुण द्या, म्हणजे ते काम प्रयोगाचाच भाग ठरेल. प्लेट्सच्या कपाटाला आणि यंत्राला स्वतंत्र वीजजोडणी द्या, त्या स्विचवर ‘सुट्टीतही बंद करू नये’ अशी पाटी लावा, आणि ती पाटी वॉचमनला वाचून दाखवा. कपाटात ऊब देणारे काहीतरी असू द्या आणि शेजारी आर्द्रता दाखवणारे एक छोटे मीटर. एक वही ठेवा, ज्यात दर सोमवारी कोणीतरी जेलचा रंग, मीटरचा आकडा आणि आपली सही लिहील. आणि ती सही करणाऱ्याचे नाव विभागाच्या बैठकीत सर्वांसमोर ठरवा, मग तो सहायक असो, शिपाई असो वा नवखे प्राध्यापक. त्याला तेवढा वेळ आणि तेवढा मान द्या.

मृग लागायला फार दिवस उरलेले नाहीत. घरी बरण्या धुऊन उन्हात ठेवल्या आहेत. आपल्यापैकी कोणाला पॉलिशसाठी, कपाट लावण्यासाठी किंवा नव्या सहायकाला हात धरून शिकवण्यासाठी माणूस हवा असेल तर मी येईन. मानधन नको. एसटीने जाता-येता येईल इतक्या अंतरावर असले म्हणजे झाले. जुन्या प्लेट्स मात्र मी येण्याआधी फेकू नका.

आपली नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक